चांगले सँडविच घरी कसे करावे : नागपूरच्या हवेत सँडविच शिकणाऱ्या नवख्यांसाठी

सँडविच कसे असावे, यावर एकाच घरात एकमत होणे कठीण असते. कुणाला कडा काढलेला पांढरा, मऊ ब्रेड हवा असतो, तर कुणाला तोच ब्रेड गॅसवर करकरीत भाजून वर शेव भुरभुरलेली हवी असते. एकाला बीट नसेल तर सँडविच अपुरे वाटते आणि दुसरा बिटाचा काप दिसताच तो निमूटपणे ताटाच्या कडेला काढून ठेवतो. या गोष्टी आवडीच्या आहेत आणि त्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु ब्रेड खालून ओला होऊन बोटांना चिकटणे, पहिल्याच घासाबरोबर टोमॅटोचा अख्खा काप बाहेर ओढला जाणे, बटाटा अळणी राहणे किंवा चटणी फक्त मधोमध असून कडेचे घास कोरडे लागणे, हे आवडीच्या खात्यात जमा करता येत नाही. ते हाताच्या कामातले दोष आहेत आणि थोड्या काळजीने टाळता येतात. म्हणून नवख्याने आधी हाताचे काम शिकावे आणि आवड त्यानंतर, चार-सहा वेळा करून पाहिल्यावर, आपोआप ठरू द्यावी.

या लेखात पाया म्हणून लोणी, हिरवी चटणी, बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा आणि बीट यांचे सँडविच घेतले आहे. मुंबईच्या हातगाड्यांवर वाढलेला हा प्रकार नागपूरकरांना आता मुळीच परका राहिलेला नाही. धरमपेठ आणि सीताबर्डीच्या बाजूला तो सहज मिळतो. शिकायला तो उत्तम, कारण ओले आणि कोरडे, मऊ आणि कुरकुरीत, आंबट आणि तिखट असे सगळेच त्यात एकत्र येते आणि सँडविच बिघडण्याची जवळपास सगळी कारणे त्यात हजर असतात. हे एक नीट जमले की अंड्याचे, पनीरचे किंवा उरलेल्या भाजीचे सँडविच वेगळे शिकावे लागत नाही.

नागपुरात राहणाऱ्याने सुरुवातीलाच आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे इथली हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि पिशवीतून काढून ओट्यावर ठेवलेला ब्रेड चटणी वाटून होईपर्यंत वरून कोरडा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच ब्रेडवर दोन-तीन दिवसांत बुरशीचे ठिपके दिसू लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी लोणी इतके घट्ट असते की ते लावताना ब्रेडच फाटतो. पुस्तकातल्या किंवा दूरदेशीच्या कृतीत ‘खोलीच्या तापमानाचे लोणी’ असे लिहिलेले असते. इथे उन्हाळ्यात त्या लोण्याचे तेल होते. त्यामुळे पुढे जिथे जिथे ऋतूप्रमाणे काम बदलते, तिथे तसे सांगितले आहे.

ब्रेड निवडणे आणि सांभाळणे

ब्रेड घेताना पहिली गोष्ट पाहावी ती तारीख आणि दुसरी म्हणजे पिशवी अलगद दाबल्यावर तो पुन्हा वर येतो की बसकाच राहतो. अगदी ताजा, त्याच दिवशी भाजलेला ब्रेड खायला छान असला तरी सँडविचसाठी तो फारसा सोयीचा नसतो, कारण त्याच्यावर सुरी चालत नाही आणि लोण्याबरोबर त्याचे तुकडे निघून येतात. एक दिवस जुना ब्रेड सगळ्यांत चांगला. पातळ स्लाइस साध्या, न भाजलेल्या सँडविचला चालतात. भाजायचे असेल किंवा भाज्या भरपूर घालायच्या असतील तर मोठ्या आकाराचा, जाड कापलेला सँडविच ब्रेड घ्यावा.

तपकिरी रंगाचा ब्रेड म्हणजे गव्हाचा ब्रेड, असे अनेकांना वाटते. वेष्टनावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. त्यात पहिले नाव मैद्याचे असेल, तर रंग कोणताही असला तरी तो मुख्यतः मैद्याचा ब्रेड आहे. मैद्याचा ब्रेड वाईट, असे माझे म्हणणे नाही; हिरव्या चटणीच्या सँडविचला मला स्वतःला पांढराच ब्रेड योग्य वाटतो, कारण त्याला स्वतःची चव कमी असते आणि चटणी पुढे येते. आट्याचा ब्रेड थोडा कडसर आणि भरड लागतो. तो अंडे, चीज किंवा जवसाच्या चटणीबरोबर अधिक शोभतो. आपण पैसे कशाचे देतो आहोत, एवढे मात्र वाचून घ्यावे.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे आणि तिच्यात निम्मे तथ्य आहे. ब्रेड शिळा होतो तो केवळ पाणी उडून गेल्यामुळे नव्हे. भाजताना मऊ झालेला त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात सर्वांत वेगाने घडते. म्हणून फ्रिजमधला ब्रेड बुरशीपासून वाचतो, पण चामट होतो. हिवाळ्यात तो बाहेरच, पिशवीचे तोंड पिळून बंद करून ठेवावा. पावसाळ्यात दोन दिवसांत संपणार नसेल तर सरळ फ्रीजरमध्ये ठेवावा, कारण गोठलेल्या ब्रेडमध्ये ही क्रिया जवळजवळ थांबते. लागतील तेवढ्या स्लाइस काढून तव्यावर किंचित गरम केल्या की त्या पुन्हा मऊ होतात. फ्रिजमधला चामट ब्रेड घरात असेलच तर त्याचे साधे सँडविच करू नये, भाजलेले करावे, कारण उष्णतेने तो स्टार्च पुन्हा सैल होतो. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढा भाग काढून उरलेला खाऊ नये. बुरशीचे तंतू मऊ ब्रेडमध्ये दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

लोणी

लोणी चवीसाठी असते हे खरे, पण सँडविचमध्ये त्याचे त्याहून मोठे काम म्हणजे पाणी अडवणे. चटणीतले आणि भाज्यांतले पाणी स्निग्ध थरातून सहजासहजी पार होत नाही, म्हणून लोणी कडेपासून कडेपर्यंत, एकही कोरडी जागा न सोडता लावावे लागते. गाडीवरचा कारागीर ब्रेडवर सुरी एकदा आडवी आणि एकदा उभी फिरवतो, ते हात झटपट चालावा म्हणून नव्हे, तर कोपरे सुटू नयेत म्हणून. थर मात्र पातळ असावा. एका स्लाइसला एक सपाट चहाचा चमचा पुरतो. दोन्ही स्लाइसना आतून लोणी लावावे. एकाच बाजूला लावून काम भागते असे समजणाऱ्यांचा वरचा ब्रेड हमखास ओला होतो.

बाजारातले पिवळे लोणी खारवलेले असते, याचा विसर पडू देऊ नये. नंतर चटणी, मसाला आणि भाज्या या तिन्हींत मीठ पडते आणि सगळे मिळून सँडविच खारट होते. घरचे पांढरे लोणी असेल तर त्यात चिमूटभर मीठ फेटून घ्यावे. उन्हाळ्यात लोणी फ्रिजमधून अगदी लावण्याच्या पाच मिनिटे आधी काढावे. हिवाळ्यात गरम पाण्याने तापवून पुसलेली वाटी त्यावर थोडा वेळ उपडी ठेवावी, म्हणजे ते वितळल्याशिवाय मऊ होते. वितळलेले लोणी ब्रेडवर ओतले तर ते आत मुरते आणि पाणी अडवण्याचे काम करीत नाही.

चटणी

सँडविचची चटणी आणि जेवणातली चटणी यांत घट्टपणाचा फरक असतो. चमचा उलटा केला तर लगेच न ओघळणारी चटणी सँडविचला हवी. दोन वाट्या निवडलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, कोवळ्या देठांसकट घ्यावा. देठांत सुगंध पानांइतकाच असतो आणि ते टाकून देणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. धुतल्यावर तो फडक्यावर पसरून चांगला कोरडा करावा. त्यात चार-पाच हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे आले, अर्धा चमचा जिरे, दोन मोठे चमचे फुटाण्याची डाळ, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि चहाचा एक चमचा साखर घालून, बर्फाचे एक-दोन खडे टाकून वाटावे. डाळीमुळे चटणी बांधली जाते आणि तिचे पाणी सुटत नाही. डाळ नसल्यास ब्रेडच्या कापून काढलेल्या कडा घातल्या तरी तेच काम होते. बर्फामुळे मिक्सरच्या पात्याची उष्णता चटणीला लागत नाही आणि तिचा हिरवा रंग टिकतो. पुदिना आवडत असेल तर मूठभर घालावा. त्याहून जास्त घातल्यास चटणी कडवट होते. एवढी चटणी सहा-सात सँडविचना पुरते.

नागपुरात तिखटाचा प्रश्न नाजूक आहे. सावजीवर वाढलेल्या जिभेला पाच मिरच्यांची चटणी गोड वाटण्याचा संभव आहे आणि तशा माणसाने मिरच्या खुशाल वाढवाव्यात. तरीही पहिल्यांदा करताना मध्यम तिखटावर थांबावे, कारण फार तिखट सँडविचमध्ये बाकी काय चुकले आहे तेच कळत नाही, आणि शिकणाऱ्याला ते कळणे आवश्यक असते.

मसाला

बटाट्याच्या कापांवर नुसते मीठ टाकले तर सँडविच घरगुती लागते. गाडीची चव येते ती मसाल्याने. दोन मोठे चमचे जिरे, एक लहान चमचा बडीशेप, एक लहान चमचा काळी मिरी, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि चार लवंगा मंद आचेवर कोरड्या भाजाव्यात, थंड होऊ द्याव्यात आणि एक मोठा चमचा आमचूर व दोन लहान चमचे काळे मीठ घालून बारीक कराव्यात. बरणीत हा मसाला महिनाभर चांगला राहतो. विकतचा चाट मसाला वापरला तरी चालते, पण त्यात आंबटपणा अधिक आणि दालचिनी-लवंगेची ऊब कमी असते.

भाज्या : पाणी आधीच काढून घेणे

या कामात सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे लागते. काकडी आणि टोमॅटो यांच्या वजनाचा बहुतेक भाग पाण्याचाच असतो, आणि मीठ लागताच ते पाणी बाहेर यायला सुरुवात होते. हे पाणी सँडविचमध्ये सुटण्याऐवजी त्याच्या बाहेर सुटावे, इतकाच या सगळ्या खटाटोपाचा उद्देश आहे.

काकडीचे टोक चाखून ती कडू नाही याची खात्री करावी, पातळ चकत्या कराव्यात, त्यांवर चिमूटभर मीठ भुरभुरावे आणि दहा मिनिटांनी फडक्यावर किंवा कागदी रुमालावर ठेवून वरून हलके दाबावे. फडके किती ओले झाले ते पाहिले की ही पायरी पुन्हा कधी गाळावीशी वाटत नाही. टोमॅटो पिकलेला पण घट्ट घ्यावा. गर आणि बिया काढून टाकल्या तर उत्तम, नाही तर चकत्या कापून त्यादेखील फडक्यावर टेकवून घ्याव्यात. टोमॅटोला आधी मीठ लावून ठेवू नये, कारण त्याच्या पाण्याबरोबर त्याची चवही वाहून जाते. त्याला मीठ रचतानाच घालावे. कांदा कागदासारखा पातळ कापून दहा मिनिटे थंड पाण्यात ठेवला आणि निथळून कोरडा केला म्हणजे त्याचा उग्रपणा कमी होतो आणि कुरकुरीतपणा वाढतो. उन्हाळ्यातला पांढरा कांदा मिळाला तर त्याला भिजवण्याचीही गरज नसते.

बटाटे सालीसकट, मीठ घातलेल्या पाण्यात उकडावेत आणि पूर्ण थंड झाल्यावरच कापावेत. गरम बटाट्याच्या चकत्या सुरीला चिकटून फुटतात, तर थंड झालेला बटाटा आवळून येतो आणि स्वच्छ कापला जातो. आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा सकाळच्या घाईला फार उपयोगी पडतो. दोन मध्यम बटाट्यांत तीन सँडविच होतात. चकत्या फार पातळ नसाव्यात. काडेपेटीच्या निम्म्या जाडीएवढ्या असल्या म्हणजे बटाट्याची चव लागते. कित्येक घरांत बटाटा कुस्करून, फोडणी देऊन भरतात. तेही छान लागते, पण तो मग आलूबोंड्याच्या सारणाचा भाऊ होतो आणि त्यात काकडी-टोमॅटो घालू नये.

बीट मऊ उकडावे आणि पातळ कापावे. बिटाला जो मातीसारखा वास येतो तो जिओस्मिन या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास येतो त्यातही हेच द्रव्य असते. काही नाकांना तो फार लवकर जाणवतो, म्हणून बीट नको म्हणणाऱ्याला नखरेल समजू नये. चकत्यांना लिंबाचे चार थेंब लावले तर तो वास बराच दबतो. बिटाचा रंग ब्रेडला लागू नये म्हणून त्याला नेहमी आतल्या थरात ठेवावे.

रचण्याचा क्रम

सगळे जिन्नस समोर, कोरडे आणि कापलेले असल्याशिवाय ब्रेडची पिशवी उघडू नये. मे महिन्यात तर मुळीच नाही. दोन स्लाइस शेजारी शेजारी, पुस्तक उघडल्याप्रमाणे ठेवाव्यात, म्हणजे बंद करताना त्यांच्या कडा जुळतात. दोन्हींना लोणी आणि लोण्यावर चटणी लावावी. खालच्या स्लाइसवर प्रथम बटाट्याच्या चकत्या मांडाव्यात, कारण बटाटा चटणीला धरून राहतो आणि वरून आलेला ओलावा थोडाफार शोषून घेतो. त्यावर मसाला भुरभुरावा. मग बीट, त्यावर टोमॅटो आणि टोमॅटोवर मीठ-मसाला. नंतर कांदा आणि सर्वांत वर काकडी.

टोमॅटो आणि काकडी एकमेकांना लागून ठेवू नयेत, असे मुद्दाम सांगतो. दोन्ही निसरड्या आहेत आणि चावताना एकीवरून दुसरी घसरते. मध्ये कांद्याचा थर आला की दोघी जागेवर राहतात. चकत्या एकमेकींवर किंचित चढवून, कोपऱ्यांपर्यंत मांडाव्यात. गोल चकत्यांनी चौकोनी ब्रेडचे कोपरे भरत नाहीत, म्हणून तिथे अर्ध्या चकत्या बसवाव्यात. उंची मात्र आवरावी. तोंडात एका वेळी मावेल एवढेच सँडविच उंच असावे. त्याहून उंच रचलेले चित्रात चांगले दिसते आणि खाताना मांडीवर पडते.

वरची स्लाइस ठेवल्यावर तळहाताने सगळीकडे सारखे, हलके दाबावे आणि मिनिटभर तसेच राहू द्यावे, म्हणजे थर एकमेकांना धरतात. कापायला दातेरी सुरी घ्यावी आणि ती दाबण्याऐवजी करवतीप्रमाणे मागेपुढे चालवावी. प्रत्येक कापानंतर सुरी पुसली तर बिटाचा रंग पसरत नाही. कर्णरेषेत कापायचे की सरळ, हा प्रश्न आवडीचा आहे; मला कर्णरेषेत कापलेले खायला सोपे वाटते, कारण पहिला घास टोकापासून घेता येतो. कडा काढायच्या असल्या तर त्या रचून झाल्यावर काढाव्यात, आधी नव्हे, म्हणजे भाज्या कडेपर्यंत पोहोचलेल्या दिसतात आणि सगळ्या बाजू सारख्या येतात.

भाजायचे असेल तर

भाजलेल्या सँडविचमध्ये आतले थोडे बदलावे लागते. गरम झालेली काकडी लिबलिबीत होते, तेव्हा ती काढून टाकावी आणि तिच्याऐवजी ढोबळ्या मिरचीच्या बारीक चकत्या घालाव्यात. काकडी घालून भाजलेले सँडविच बरेच लोक आवडीने खातात. इथे मात्र मी आवडीचा मान राखूनही काकडीच्या विरुद्ध मत देईन. चीज घालायचे असेल तर ते किसून, सर्वांत वरच्या थरात घालावे, म्हणजे ते वितळून खालच्या भाज्या बांधून ठेवते. पनीर वितळत नाही, कारण ते आंबट घालून फाडलेल्या दुधाचे असते. ते बांधण्याच्या कामाचे नाही, फक्त भरण्याच्या कामाचे आहे.

गॅसवर धरायचा, लांब दांड्यांचा टोस्टर असेल तर तो दोन्ही बाजूंनी आधी तापवून घ्यावा, ब्रेडला बाहेरून पातळ लोणी लावावे आणि मध्यम आचेवर दर मिनिटाला उलटावे. चार-पाच मिनिटांत सोनेरी रंग येतो. हा रंग आणि त्याबरोबर येणारा खमंग वास ब्रेडचा पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर गेल्याशिवाय येत नाही, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत तापमान तिथवर पोहोचत नाही. म्हणून पाणी गळणाऱ्या भाज्यांचे सँडविच कितीही वेळ भाजले तरी पांढुरके राहते आणि शेवटी एकदम करपते. तव्यावर भाजताना वर एखादा जड, सपाट बुडाचा गंज ठेवावा आणि सराट्याने एकदाच, धीराने उलटावे. आच मोठी केली तर लोण्यातला दुधाचा अंश आधी काळा होतो आणि आतले चीज थंडच राहते. भाजलेले सँडविच ताटलीत सपाट ठेवले की खालच्या बाजूला वाफ साठून ते मऊ पडते. दोन मिनिटे जाळीवर ठेवावे आणि मग कापावे.

आपली आवड शोधणे

पहिले सँडविच वर सांगितल्याप्रमाणेच करावे आणि लक्षपूर्वक खावे. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलावी. ब्रेड, चटणी आणि चीज अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर चव सुधारली तरी ती कशामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. खाताना काहीतरी कमी आहे असे वाटते, तेव्हा ती कमतरता बहुधा आंबटपणाची किंवा मिठाची असते, आणि माणसे मात्र चीज वाढवतात. चटणीत लिंबाचे चार थेंब घालून पाहावेत, बटाट्यावर मसाला जास्त टाकून पाहावा. सगळे बरोबर असूनही खाणे कंटाळवाणे वाटत असेल तर कुरकुरीतपणा कमी आहे असे समजावे. अशा वेळी बारीक शेव किंवा चुरलेला भाजका पापड खाण्याच्या अगदी आधी आत घालावा.

केचपबद्दल माझे मत असे आहे की ते ताटलीत असावे, सँडविचच्या आत नसावे, कारण त्यातली साखर चटणीची धार बोथट करते. मुलांसाठी करताना हा नियम मोडण्यास हरकत नाही. मेयोनीज लोण्याच्या जागी चालते, लोण्याच्या वर नको. घरातल्या चौघांच्या चार आवडी असतील तर मसाला आणि चटणी एकच ठेवावी आणि भाज्या प्रत्येकाला स्वतः रचू द्याव्यात. त्यात करणाऱ्याचे कष्टही वाचतात.

वऱ्हाडी सारणे

हिरव्या चटणीचे सँडविच हाती बसले की घरातल्या बरण्यांकडे वळावे. जवसाची चटणी सँडविचला इतकी योग्य आहे की तिचा वापर फारसा कुणी कसा करीत नाही, याचे मला नवल वाटते. जवस तडतडेपर्यंत भाजून, सुक्या लाल मिरच्या, लसूण, जिरे आणि मीठ घालून जाडसर कुटलेली ही चटणी कोरडी असते आणि काकडीतून येणारे पाणी ती स्वतःतच धरून ठेवते. लोण्यात मिसळून ती ब्रेडवर लावावी आणि मध्ये फक्त काकडी व कांदा ठेवावा. मिरची भिवापुरी असेल तर बेताने घ्यावी. भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची आपल्या जिल्ह्याची असली तरी जिल्ह्याच्या माणसालाही ती सूट देत नाही.

कोरडा झुणका आणि कच्चा कांदा हे भाजलेल्या सँडविचचे उत्तम सारण आहे. झुणका मोकळा असावा, ओलसर पिठल्याचा उपयोग नाही. हिवाळ्यात वांगी भाजून केलेले भरीत गाळणीत अर्धा तास निथळून घेतले आणि त्यात पातीचा कांदा घातला, तर आट्याच्या ब्रेडमध्ये ते फारच छान बसते. ठेचा लोण्यात एकास चार या प्रमाणात कालवावा. सावजी मटण किंवा चिकन उरले असेल तर रस्सा बाजूला ठेवावा, मांस हाडावरून सोडवून तव्यावर पूर्ण कोरडे परतावे आणि त्याबरोबर दह्याचा चक्का लावावा, कारण त्या मसाल्याला थंडावा देणारे काहीतरी हवेच. तर्री मात्र पोह्यांकडेच राहू द्यावी. संत्र्याच्या फोडी घालून पाहण्याचा मोह नागपूरकराला एकदा तरी होतो. त्या रसाने ब्रेडचा लगदा होतो, तेव्हा संत्रे सँडविचनंतर खावे.

डब्यात नेण्यासाठी

घरी खायचे आणि डब्यात न्यायचे सँडविच एकसारखे करू नये. डब्यासाठी टोमॅटो वगळावा, चटणी नेहमीपेक्षा घट्ट ठेवावी आणि लोणी थोडे जास्त लावावे. साधे सँडविच पिळून घेतलेल्या ओलसर सुती फडक्यात गुंडाळले तर नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ब्रेड वाळत नाही. पावसाळ्यात फडके कोरडेच घ्यावे. भाजलेले सँडविच पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरावे.

उकडलेला बटाटा, अंडे, पनीर, मेयोनीज आणि मांस यांच्यात 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू वेगाने वाढतात. असे सँडविच एरवी दोन तासांच्या आत आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत खावे, असा आहारसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दुपारी हवा 32 अंशांच्या वरच असते. त्या दिवसांत बटाट्याचे सँडविच सकाळी करून दुपारी कार्यालयात खाऊ नये, आणि रामटेकला किंवा खिंडसीला जाताना ते उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत तर ठेवूच नये. बर्फाची पिशवी घातलेला डबा जवळ नसेल, तर अशा प्रवासाला जवसाची चटणी आणि लोणी लावलेल्या स्लाइस न्याव्यात, काकडी व कांदा अख्खे न्यावेत आणि पोहोचल्यावर तिथेच कापून भरावेत. सुरी तेवढी विसरू नये.